चंपूआत्याची जिवंत वरात

बसा मंडळी, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनी टेकूनच बसा, पण झोपू नका. झोपलात तर मी नाव घेऊन हाक मारतो, एवढी एकच ख्याती आहे माझी.

आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याला आपण नटवतो. देवाला नटवतो, लेकराला नटवतो, कार्तिकात दारातल्या तुळशीला नटवतो. बरोबर ना? मग मला सांगा, ती हौस कुणाची? नटवणाऱ्याची, की नटणाऱ्याची?

'दोघांची' म्हणालं कोणीतरी. आजोबा, तुम्ही का? गेल्या वर्षी तुमच्या नातवाला शाळेत अननस केला होता. डोक्यावर हिरव्या कागदाचा तुरा, अंगाभोवती पिवळा पुठ्ठा. तुम्ही पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतात. आणि अननस काय करत होता? अननस रडत होता!

हसा, हसून घ्या. पुढे आख्यानात थोडं जड आहे.

पुराणातली गोष्ट नाही ही. आपल्याच कोकणातल्या एका बाईची आहे. तिला या प्रश्नाचं उत्तर सापडलं, पण फुकट सापडलं नाही. ऐका.

वेळशेत नावाचं समुद्रकाठचं गाव. एका बाजूला वाळूची पुळण, दुसऱ्या बाजूला काळा कातळ, मधे खाडीचं तोंड. तिथं खातूंच्या घरात चंपावती नावाची बाई होती. सगळं गाव तिला चंपूआत्या म्हणायचं. वय साठीला टेकलेलं. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि ती परत भावाकडे आली. भाऊ दत्ताराम, गावात किराणा दुकान चालवणारा. पुढे त्याची बायकोही गेली, मागे तीन वर्षांची पोर ठेवून. पोरीचं नाव कस्तुरी. तिला वाढवली ती चंपूआत्यानं. वेणीफणी, शाळा, आजारपणं, पहिल्या नोकरीच्या दिवशी डब्यात काय द्यायचं इथपर्यंत सगळं आत्यानंच पाहिलं. लोक म्हणत, देवकी एक आणि यशोदा एक. आत्या म्हणायची, मला नावं नकोत, पोरीनं नीट जेवावं म्हणजे झालं.

आणि या बाईच्या हातात एक कला होती. रुखवत! पंचक्रोशीत मुलीचं लग्न ठरलं की आधी चंपूआत्याला निरोप, मग भटजींना. सुपाऱ्यांची सप्तपदी करायची, नारळाचे विहीण-व्याही करायची, साखरेचं तुळशीवृंदावन असं करायची की मुंग्यासुद्धा आधी नमस्कार करत असतील. रुखवत मांडायचं मुलीकडच्यांनी, बघायचं मुलाकडच्यांनी, आणि लाडू मात्र पळवायचे दोन्हीकडच्या पोरांनी. खरं की नाही?

आता कस्तुरीचंच लग्न ठरलं. मुलगा चिपळूणचा, माणसं चांगली. महिनाभर हाताशी होता. चंपूआत्या विचारात पडली. सगळ्या जगाच्या पोरींची रुखवतं आपण मांडली, आता आपल्या पोरीचं कसं मांडायचं? त्याच सुपाऱ्या, तेच नारळ? मागच्या लग्नात कुणीतरी विजेवर फिरणारं कारंजं ठेवलं होतं आणि सगळी गर्दी तिकडे गेली होती. ते तिच्या मनात सलत होतं. तिनं ठरवलं, आपलं रुखवतही हलेल. पण विजेवर नाही. जिवंत हलेल. काचेच्या पेटीत वरात काढायची. गोगलगायी आणि शंखातले खेकडे. सोनेरी शंखाचा नवरदेव, लाल शंखाची नवरी, मागे वऱ्हाडी.

शंखातला खेकडा ठाऊक आहे ना? ओहोटीला कातळावर शंख चालायला लागतो आणि पोरं ओरडतात, तो. पुस्तकात त्याला संन्यासी खेकडा म्हणतात. संन्यासी! घर पाठीवर घेऊन फिरतो, जरा मोठं घर दिसलं की शेजाऱ्याशी भांडतो, आणि म्हणे संन्यासी. असले संन्यासी आम्ही आणखीही पाहिलेत, पण नावं घेत नाही. पेंडसे, तबल्यावरून मान वर करू नका, तुमच्याबद्दल नाही बोलत.

तर आत्या कामाला लागली. चिपळूणच्या दुकानातून सहा पिवळ्या गोगलगायी आणल्या. दुकानदारानं बजावलं, या गोड्या पाण्यातल्या, खाऱ्यात टाकाल तर जगणार नाहीत. म्हणून पेट्या दोन केल्या. एकीत विहिरीचं पाणी आणि गोगलगायी, दुसरीत वाळू, दगड, समुद्राचं पाणी आणि कातळावरून वेचलेले नऊ खेकडे. दुकानदार आणखीही काही सांगत होता, पण आत्याचं लक्ष कुठल्या शंखावर कुठला रंग चढेल याकडे होतं.

मग रंगकाम सुरू झालं. ओसरीवर कागद पसरला. नेलपॉलिशच्या बाटल्या, सोनेरी रंग, टिकल्या, बारीक मोती, चटकन चिकटणारा गोंद. एकेक जीव उचलायचा, फडक्यानं पुसायचा, रंगवायचा, सुकेपर्यंत ताटलीत ठेवायचा. खेकडे अंग आत ओढून बसायचे. आत्या म्हणायची, गुणाचे आहेत, हलत नाहीत. सगळ्यात मोठ्या गोगलगायीला तिनं नवरदेव केलं. शंखाच्या अगदी तोंडाशी दोन्हीकडून मोत्यांच्या मुंडावळ्या चिकटवल्या. हात एवढासुद्धा थरथरला नाही. खरोखर सुंदर झालं होतं, मंडळी. खोटं कशाला बोलू? बायका बघायला आल्या आणि बघतच राहिल्या. दत्तारामनं फोनवर चित्रफीत काढून व्याह्यांना पाठवली. तासाभरात विहीणबाईंचा उलट फोन आला. त्यांनी आपल्या सगळ्या नातेवाइकांना दाखवली होती, आणि आता सगळे सोन्याचा नवरदेव बघायला येणार होते.

म्हणजे शब्द दिल्यासारखाच झाला. आणि आत्यानं दिलेला शब्द कधी मोडलेला नव्हता.

पहिल्या दिवशी वरात जागची हलली नाही. आत्या म्हणाली, नव्या जागेला बुजलीत. दुसऱ्या दिवशी दोन गोगलगायी तळाशी आडव्या. म्हणाली, झोपल्यात. माणसाला जे बघायचं नसतं ना, त्याला तो झोप म्हणतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागीरथी आली. ही खारवी वाड्यातली, मासेमारांच्या वस्तीतली. कातळावर कालवं काढायची आणि घरोघर विकायची. ओहोटीचं वेळापत्रक तिच्या डोक्यात, पंचांग बघायची गरज नाही. टोपली उतरवली, पाणी मागितलं, आणि पाणी पिता पिता तिची नजर पेट्यांवर गेली. तांब्या खाली ठेवून ती जवळ गेली, वाकली, दोन्ही पेट्या निरखून पाहिल्या. मग म्हणाली,

"आत्यानू, गोगलगायीचा शंख म्हणजे तिचं घर नव्हं. तिचं अंग हाय. तुम्ही तिच्या अंगाला गोंद लावलात."

चंपूआत्याला राग आला. का येऊ नये? घरात येऊन कालवं विकणारी बाई आपल्या कलेला नावं ठेवते! आत्यानं तिला सुनावलं, की मी काही यांना मारायला आणलेलं नाही, रोज पाणी बदलते, काकडीच्या फोडी घालते, इतकी निगा तू तुझ्या पोरांची तरी राखतेस का. हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. भागीरथीनं टोपली उचलली. कालवांचा वाटा तिथंच ठेवला आणि निघून गेली.

पाचव्या दिवशी सकाळी आत्या पेटीपाशी गेली आणि उभीच राहिली.

खाऱ्या पाण्याच्या पेटीत एक खेकडा उघडा पडला होता. शंख एकीकडे, तो एकीकडे. शंखाबाहेरचा खेकडा तिनं जन्मात पाहिला नव्हता. पुढून नांगीवाला, रुबाबदार, आणि मागे? मागे केवढंसं गुलाबी, मऊ, वळलेलं पोट. नुकत्याच जन्मलेल्या पोराच्या बोटासारखं. ते झाकायलाच तर बिचारा जन्मभर शंख वाहतो. आणि त्यानं तो शंख टाकला होता. शेजारी वऱ्हाडातला त्याचा सोनेरी शंख चमकत होता, आतपर्यंत रंगाचा ओघळ गेलेला, आणि हा त्या सोन्यापेक्षा उघडं पडणं बरं म्हणून बाहेर आला होता.

मंडळी, सोन्याचं घर सोडून कुणी उघडा बाहेर पडला, तर त्या घरात किती जाच असेल?

आत्या दुसऱ्या पेटीकडे वळली. नवरदेव तळाशी होता. गोगलगायीला तोंडाशी एक झाकण असतं, भीती वाटली की ती आत जाते आणि दार लावून घेते. याला आत जायचं होतं, पण दार लागत नव्हतं. मुंडावळ्यांचे मोती आडवे येत होते. तो दार ओढायचा, ते मोत्याला अडायचं, पुन्हा ओढायचा. आत्या बघत होती. तिचेच मोती, तिचाच गोंद, तिचाच न थरथरलेला हात.

हौस माझी, रंग माझा, शंख मात्र त्याचा।
बोलता ना येई ज्याला, कोण वकील त्याचा॥

म्हणा माझ्याबरोबर. कोण वकील त्याचा? पुन्हा म्हणा. झांज जरा हळू, पुढचं ऐकू येऊ द्या.

आता दुसरी बाई असती तर काय केलं असतं? रडली असती. किंवा पेट्या परसात रिकाम्या करून मोकळी झाली असती. चंपूआत्या रडली नाही. तिनं पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि भर उन्हात खारवी वाड्याची वाट धरली. साठ वर्षांत त्या वाड्यात ती कधी गेली नव्हती. वाड्यातल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या. भागीरथी अंगणात जाळं निवडत बसली होती. आत्या तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"परवा मी तुझ्या पोरांवरून बोलले. ते माझं चुकलं. आता चल माझ्याबरोबर. त्यांना कसं वाचवायचं, ते मला येत नाही."

माफी मागायची म्हणजे अशी मागावी. 'तुला वाईट वाटलं असेल तर' असलं काही नाही. चुकलं, संपलं, आता शिकव.

भागीरथीनं जाळं खुंटीला लावलं आणि उठली.

पुढचे तीन आठवडे, मंडळी, त्या घरात लग्नाची गडबड होती आणि ओसरीवर दोन बायकांचा निराळाच यज्ञ चालला होता. दत्ताराम म्हणायचा, अगं पत्रिका वाटायच्यात, अगं हॉलवाल्याचा फोन आहे. आत्या म्हणायची, तू बघ.

पहिल्यांदा नवरदेव. आत्या रंग खरवडायला चाकू घेऊन बसली तेव्हा भागीरथीनं तिचा हात धरला. चिकटलेलं ओढायचं नाही, शंख निघेल त्याच्याबरोबर. सुकलेला रंग आहे तसा राहू दे. फक्त दाराला अडणारे मोती काढायचे. आत्यानं नेलकटर आणला आणि मोती मधोमध कापले, एक एक करून. श्वास रोखून. दार लागलं. आत्यानं तेव्हा कुठे श्वास सोडला. मग रोज थोडं थोडं पाणी बदललं, एकदम नाही. काकडीबरोबर पालकाचं पान उकडून घातलं.

मग खेकडे. त्या उघड्या पडलेल्याला आत्या उचलून नवा शंख घालायला निघाली होती. भागीरथी म्हणाली, तुम्ही घालू नका. तो शोधतो, मोजतो, मग जातो. आणि जे अजून रंगीत शंखात बसलेत त्यांना ओढायचं तर नावच काढू नका. ओढलात तर तो अर्धा तुटेल, पण सोडणार नाही.

म्हणून दोघी ओहोटीला पुळणीवर गेल्या. रिकामे शंख वेचले. आत जीव नाही ना, हे वाकून, वास घेऊन, दोनदा पाहून. लहान, मोठे, रुंद तोंडाचे, अरुंद तोंडाचे. घरी आणून उकळत्या पाण्यात काढले, गार केले, समुद्राच्या पाण्यात बुडवले आणि पेटीत मांडले. आणि बसल्या.

बसणं सोपं नाही हो. ज्या बाईच्या हाताला साठ वर्षं स्वस्थपण माहीत नाही, तिनं हात मांडीवर ठेवून बसायचं! शिवणारीला दोरा दिसतो, सुगरणीला चूल दिसते, आणि या बाईला समोर उघडा जीव दिसतोय आणि हात लावायचा नाही. उघड्या खेकड्याला त्यांनी ओल्या वाळूच्या वाडग्यात सावलीत वेगळा ठेवला होता, भोवती चार शंख. सकाळ गेली. तो हलला नाही. जेवणवेळ गेली. आत्या जेवली नाही. भागीरथी घरी जाऊन परत आली.

दुपार कलताना तो सरकला. एका शंखाला नांगी लावली, सोडला. दुसऱ्याजवळ गेला. तो उलटा केला, तोंडात नांगी घालून आत चाचपून पाहिलं, कडा मोजली, पुन्हा आत चाचपलं. आपल्या पोरीला स्थळ बघायला जाणारा बापसुद्धा इतकं बघत नाही! आणि मग एका क्षणात, पापणी लवायच्या आत, ते गुलाबी पोट वळलं आणि आत गेलं. शंख हलला. उभा राहिला. चालायला लागला.

साधा शंख होता तो, तपकिरी, एका कडेला टवका उडालेला. आत्यानं स्वतः निवडला असता तर बाजूला टाकला असता.

सगळे वाचले नाहीत. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. नऊ खेकड्यांतले सहा राहिले, आणि त्या सहांनी हळूहळू रंगीत शंख सोडून साधे घेतले. सहा गोगलगायींतल्या चार. जे गेले त्यांना आत्यानं परसातल्या अबोलीखाली पुरलं. भागीरथी म्हणाली, एवढ्याशा जिवासाठी कशाला. आत्या म्हणाली, मी आणलेले आहेत.

इकडे लग्न आठ दिवसांवर आलं. दत्तारामनं रुखवताचं विचारलं तेव्हा आत्यानं सांगितलं, सोन्याचा नवरदेव नाही. तो चक्रावला. व्याह्यांकडे सगळ्यांना माहीत झालंय. मग त्याला युक्ती सुचली. माणसाला वाईट युक्ती फार पटकन सुचते, मंडळी. म्हणाला, दुसऱ्या आणू. लग्नापुरत्याच रंगवायच्या, चार तासांचा प्रश्न, त्यानंतर काय व्हायचं ते होवो. शेजारच्या बायकांनीही तेच सांगितलं. मिळालेलं नाव कशाला घालवतेस?

आत्या पाटावर बसून खोबरं किसत होती. किसणी थांबली. म्हणाली,

"दत्तू, पोरीच्या लग्नात अक्षता पडत असताना बाजूच्या टेबलावर कुणाचा तरी जीव जात असेल, आणि ते मला एकटीला ठाऊक असेल. मी नाही करणार."

आणि पुन्हा किसायला लागली. विषय संपला. दत्ताराम त्यानंतर दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिनं ते सोसलं.

पण तिनं रुखवत सोडलं असं समजू नका. सोडणारी बाई नव्हती ती! तिनं ठरवलं, सजवीन. पण जिवाला हात न लावता सजवीन. पेटीच्या काचेवर बाहेरून मांडव काढला, तोरण काढलं, केळीचे खांब काढले. रंगाचा एक थेंब आत नाही. आत ठेवले कातळावरचे धुतलेले दगड आणि रिकामे शंख. आणि त्या शंखांवर तिनं सात दिवस मेहनत केली. रंग नाही. काथ्या घ्यायचा, ओली बारीक वाळू घ्यायची आणि घासायचं. घासता घासता वरचा मळका थर जायचा आणि आतून काय निघायचं, सांगू? कुठे दुधासारखं पांढरं, कुठे गुलाबी, कुठे मोरपिसासारखी झाक. ते रंग कुणी चढवलेले नव्हते. ते होतेच, वरून झाकलेले. घासून, उकळून, धुऊन तिनं ते पेटीत मांडले आणि खेकड्यांना म्हणाली, घ्या, नाहीतर राहू द्या.

सहांतल्या चौघांनी घेतले. दोघांनी नाही. त्यातला एक तो टवका उडालेला! समोर मोरपिशी शंख ठेवला तरी त्याचा टवकाच त्याला प्रिय. आत्यानं त्याला पुन्हा आग्रह केला नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. हॉलमध्ये रुखवताच्या टेबलाभोवती गर्दी. सुपाऱ्या, नारळ, साखरेचं वृंदावन, सगळं होतं. मधे पेट्या. विहीणबाई दहा-बारा नातेवाईक घेऊन आल्या. वाकल्या. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. गोगलगायींच्या पाठीवर उरलेला, विटका रंग तेवढा दिसत होता, खेकडे सगळे साध्या शंखात. त्यांनी विचारलं, अहो, तो सोन्याचा नवरदेव कुठाय? मुंडावळ्यांचा? आणि ते लाल-निळे वऱ्हाडी?

दत्ताराम मागे उभा होता. तो पुढे होऊन काहीतरी बोलणार होता. प्रवासात निसटले, पाणी मानवलं नाही, असलं काहीतरी. आत्यानं त्याला बोलू दिलं नाही. भर गर्दीत, नऊवारीत, हातात लाडवांचं ताट, ती विहीणबाईंकडे बघून म्हणाली,

"मी रंग लावला, त्यानं काही मेले. उरलेत ते हे आहेत. आता त्यांना हात लावत नाही."

तुम्हाला वाटत असेल विहीणबाईंनी आत्याला मिठी मारली असेल. नाही हो. त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या आणि लाडवांकडे वळल्या. मागून कुणी म्हणालं, एवढंच होतं तर चित्रफीत कशाला पाठवायची. आत्यानं ऐकलं. कान लाल झाले, पण मान खाली घातली नाही. खरं बोलल्यावर लगेच फुलं पडतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्यांनी खरं बोलून पाहिलेलं नाही.

पण तिथून आत्या सरळ वधूच्या खोलीत गेली. आणि इथं माझं आख्यान खरं उभं राहतं. ऐका.

कस्तुरी आरशासमोर बसली होती. चिपळूणहून शृंगार करणारी आली होती. अंबाड्यावर फुलांची जाळी, त्यात तीसचाळीस काटे, कपाळाला घट्ट मुंडावळ्या, नाकात जड नथ. सगळ्या जणी म्हणत होत्या, काय दिसतेय पोरगी. चार आठवड्यांपूर्वीची चंपूआत्या असती तर तीही हेच म्हणाली असती, वर आणखी दोन गजरे माळले असते. आज ती दारात थांबली आणि पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आरशातल्या नाही, पोरीच्याच. कस्तुरीचे डोळे मिटल्यासारखे होते. ती मान हलवत नव्हती. कुणी काही विचारलं तरी अंग आत ओढून घेतल्यासारखी बसली होती.

आत्या जवळ गेली, खाली वाकली आणि अगदी हळू विचारलं,

"कस्तुरी, दुखतंय का गं?"

सकाळपासून त्या पोरीला पन्नास जणांनी पाहिलं होतं. विचारणारी पहिली ही. कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली,

"फार दुखतंय, आत्या. सगळ्यांची हौस आहे म्हणून बोलले नाही."

शृंगारवाली म्हणाली, आता काही काढता येणार नाही, मुहूर्त जवळ आलाय. आत्यानं तिला शांतपणे बाजूला केलं. एकेक काटा काढला, घाई न करता, जसे ते मोती काढले होते तसे. जाळी काढली. नथ सैल केली. मुंडावळ्या परत बांधल्या, पोरीला विचारून, इतकी घट्ट चालेल का, इतकी? आणि शेवटी साधा अंबाडा घातला. त्यात काय माळू, विचारलं. कस्तुरी म्हणाली, एकच सुरंगीच्या फुलांचा वळेसर, बाकी काही नको.

ती मांडवात आली तेव्हा हसत आली. मंडळी, त्या हॉलमधल्या कुणालाही ठाऊक नव्हतं की काय काढलं गेलंय. त्यांना एवढंच दिसलं की नवरी हसतेय. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आत्या आणि भागीरथी सहा खेकडे घेऊन कातळावर गेल्या. जिथून वेचले होते तिथंच पाण्याच्या डबक्यात सोडले. ज्याचं त्यानं निवडलेलं घर ज्याच्या त्याच्या पाठीवर. गोगलगायी दुकानातल्या, त्यांना खाडीत सोडायचं नसतं, म्हणून त्या आत्याकडेच राहिल्या. आणि त्या नवरदेवाचं सांगतो. गोगलगायीचा शंख तोंडाकडून वाढतो. आत्यानं लावलेलं सोनं होतं तिथंच राहिलं, मागे, टरफलासारखं. आणि त्याच्या पुढे नवा शंख येत गेला, स्वच्छ पिवळा, त्याचा त्यानं केलेला. आत्या रोज बघायची. जेवढं नवं वाढलं तेवढ्यात तिचा हात नव्हता, आणि तेवढंच तिला सगळ्यात देखणं वाटायचं.

संपलं आख्यान. आता टाळ्या वाजवू नका, अजून मला तुमच्याशी बोलायचंय.

या देवळामागे तळं आहे. त्यात कासवं आहेत, अकरा की बारा. मी दुपारी आलो तेव्हा हातपाय धुवायला तिथं गेलो होतो. एक म्हातारं कासव पायरीवर ऊन खायला आलं होतं. त्याच्या पाठीवर काय होतं, सांगू? हळदीचा थर. त्यावर कुंकवाचा थर. त्यावर तेल. त्यावर पुन्हा कुंकू. आणि मधोमध कुणीतरी चिकटवलेली सोनेरी टिकली. अवतार आहे म्हणून केलं ना? भक्तीनं केलं, ठाऊक आहे मला. आत्यानंही प्रेमानंच केलं होतं.

कुणी केलं ते मी विचारत नाही. माना खाली घालू नका. पुढच्या रांगेतल्या ताई, करंडा पदराखाली लपवू नका, मला दिसला.

सभामंडपात शिरताना देवासमोर दगडी कासव आहे ना? शेकडो वर्षं तिथं बसलंय ते. त्याला हळद लावा, कुंकू लावा, तेल घाला, फुलं वाहा, वाटलं तर शालही पांघरा. ते काही म्हणणार नाही. आणि तळ्यातलं कासव पायरीवर आलं, तर चार पावलं लांब उभे राहा, हात जोडा, आणि त्याला त्याचं ऊन खाऊ द्या. एवढं जमेल?

'जमेल' म्हणालात, पण हळू म्हणालात. मी उद्या सकाळी सहाला तळ्यावर उभा राहणार आहे. बघतो कोण कोण करंडा घेऊन येतं ते. बोला, गजर करा, आणि आरतीला उठा.